समुद्र डाव्या हाताला

मॉरिशसचा नकाशा टेबलावर पसरला की आधी हे लक्षात येतं, की इथे फार लांब जाण्याची सोयच नाही. बेटाची उत्तर-दक्षिण लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५. रत्नागिरीहून चिपळूणला जाताना जेवढं अंतर तोडावं लागतं, त्याहूनही हे अख्खं बेट आखूड. आपल्याकडे प्रवास म्हटला की निघायचं एक ठिकाण असतं आणि पोहोचायचं दुसरं. बेटावर दिवसभर गाडी चालवा, संध्याकाळी सकाळच्याच दाराशी येऊन उभे राहता. त्यामुळे ‘कुठे जायचं’ हा प्रश्न निकालात निघतो. उरतात ते तीनच: कुठल्या बाजूने फिरायचं, कुठे थांबायचं आणि काय सोडून द्यायचं. पहिल्याचं उत्तर सूर्य आणि वारा देतात, दुसऱ्याचं पोट आणि गुडघे देतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपलं आपल्यालाच द्यावं लागतं.

आम्ही उतरलो होतो पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकला. ऑगस्ट महिना, म्हणजे तिथला हिवाळा आणि ऊसतोडणीचा हंगाम. खोलीतल्या गोल टेबलाभोवती आम्ही तिघं: नवरा फोनवर अंतरं मोजत होता, मी कागदावर पेन्सिलीने वेळा मांडत होते आणि आई चष्मा कपाळावर चढवून आमच्याकडे बघत होती. तिला विचारलं, “आई, तुला काय बघायचंय?” तर म्हणाली, “तुम्ही न्याल तिथे मी येईन. माझं काय?”

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, लांजा तालुक्यातल्या एका वाडीत. तिचा दिवस आधी शाळेच्या घंटेने, मग नळाच्या वेळेने, मग एसटीच्या वेळेने आणि उरलासुरला आमच्या परीक्षांनी ठरवलेला असायचा. निवृत्तीनंतर घंटा गेली, पण ‘आज काय करायचं’ हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं ही सवय राहिली. अशा माणसासमोर कोरा दिवस ठेवला की ते जरा अवघडतं. मीही तिचीच मुलगी, म्हणून मी तो लगेच भरायला घेतला होता.

बाजूचा प्रश्न सोपा निघाला. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. गावांची नावं फ्रेंचच राहिली, पण गाड्या मात्र आपल्यासारख्या डावीकडून चालतात. बेटाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घातला तर समुद्र कायम डाव्या हाताला राहतो. थांबावंसं वाटलं तर समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागत नाहीत. गाडी नुसती कडेला घ्यायची. शिवाय डावीकडची सीट, म्हणजे आईची सीट, पाण्याच्या बाजूला येते. “म्हणजे मला सगळं दिसणार आणि जावयांना नुसता रस्ता,” आई म्हणाली. “मला चालेल,” तो म्हणाला, “मी पाणी बघत बसलो तर आपण सगळेच पाण्यात.”

सूर्याने तेच सांगितलं. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे, त्यामुळे ऑगस्टात दुपारचा सूर्य उत्तरेकडून तळपतो. उन्हाची बाजू म्हणजे दक्षिण, हे कोकणातलं घर बांधताना शिकलेलं गणित इथे उलटं करायचं. त्याचा फायदा असा, की दक्षिण किनाऱ्यावर भर दुपारी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर ऊन पाठीवर असतं आणि पाण्याचे सगळे रंग स्वच्छ दिसतात. वाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. इथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि ते मधल्या पठारावर चढले की ढग होतात. म्हणून पठार सकाळी उरकावं, दक्षिण किनारा दुपारी आणि पश्चिम किनारा मावळतीला. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि उष्ण कटिबंधात संधिप्रकाश रेंगाळत नाही. दिवा मालवावा तसा दिवस संपतो. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. नवरा म्हणाला, “तीन तासांचं काम आहे. बाकीचा वेळ थांबायला.”

आणि इथेच तिसरा प्रश्न उभा राहिला. पठारावर रस्त्याला फाटे फुटतात. एक पश्चिमेला शामारेलकडे उतरतो, दुसरा दक्षिणेला सुयाककडे. शामारेलला सात रंगांची माती आहे. मॉरिशसचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, ती तांबडी-जांभळी टेकाडं पहिल्या पानावर असतात. नवऱ्याने हिशेब मांडला: प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं दिली तर दोन्ही जमतं. त्याचा हिशेब बरोबरच होता. पण त्या कागदाकडे पाहताना मला शाळेचं वेळापत्रक दिसायला लागलं, तास आणि मधली सुट्टी आखलेलं. मी म्हटलं, “शामारेल सोडू या.” “अगं, तेच तर बघायला लोक येतात!” “म्हणून लोकांनी बघितलेलं आहे,” मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, हे मला माहीत होतं. खरं कारण आदल्या दिवशीचं होतं.

आदल्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला अप्रवासी घाट पाहिला होता. बंदराजवळ दगडी बांधकामाचे अवशेष आणि सोळा पायऱ्या, एवढंच. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. गुलामगिरी १८३५ मध्ये इथे कायद्याने संपली, पण उसाचे मळे थांबणार नव्हते. मजूर हवे होते. १८३४ पासून करारावर हिंदुस्थानातून माणसं आणायला सुरुवात झाली आणि १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक आली. १८४९ मध्ये त्यांच्यासाठी या घाटावर तळ बांधला गेला. बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले लोक कलकत्त्याहून आले, तमिळ आणि तेलुगू मद्रासकडून, आणि मुंबईच्या बंदरातून आली ती आपली माणसं, त्यांत कोकणातली पुष्कळ. करार साधारण पाच वर्षांचा, गड्याला महिन्याला पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. आई त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबली होती. “आमच्या गावातून बोटीने जे कुणी गेले ते मुंबईला गेले, असंच आम्ही धरून चाललो,” ती म्हणाली. “मुंबईच्या पुढे कोण गेलं असेल, हे कधी कुणी विचारलं नाही.”

तिथून परतल्यावर रात्री जे वाचलं, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. करार संपलेल्या मजुरांसाठी इथे १८६७ मध्ये कायदा कडक करण्यात आला. जवळ स्वतःचा फोटो लावलेला परवाना बाळगायचा, पोलिसांचा पास ठेवायचा, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर परवानगी काढायची. रस्त्यावर कागदाशिवाय सापडलं की भटकेपणाचा गुन्हा. मळ्यावरच्या मजुराने एक दिवस चुकवला तर दोन दिवसांची मजुरी कापत. माणसांना रस्त्यात अडवून पकडण्याचा अतिरेक एवढा झाला की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळेवाल्याने या जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांची नावं होती. मळेवाल्यांनी त्याचा जीव नकोसा केला. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि त्याला त्या तक्रारींत तथ्य आढळलं.

म्हणजे ज्या बेटाला आम्ही उद्या सहज वळसा घालणार होतो, त्या बेटावर काही दशकं रस्त्यावर असणं हाच काही लोकांचा अपराध होता. एवढ्याशा बेटावर नऊ जिल्हे, आणि एकातून दुसऱ्यात जायला कागद. आमच्याकडे भाड्याची गाडी, खिशात लायसन्स आणि हातात पेन्सिल. आपला दिवस आपण आखणं, ही गोष्ट मला तोवर सुट्टीतली एक गंमत वाटत आली होती. त्या रात्री ती मालमत्तेसारखी वाटू लागली: कुणाकडे ती असते, कुणाकडे नसते, आणि नसलेल्यांच्या वाट्याचा दिवस कुठेतरी दिसत असलाच पाहिजे. तो उसात दिसेल, अशी माझी समजूत होती. सुयाकचा रस्ता उसातून जातो. म्हणून शामारेल सोडायचं.

सकाळी पठारावर चढलो तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता. आईने स्वेटरवरून शाल घेतली. व्हाकोआ शहर मागे पडल्यावर झाडी दाट होते, जलाशयाच्या कडेने रस्ता जातो आणि अचानक समोर ३३ मीटर उंचीचा शंकर उभा राहतो. हा मंगल महादेव २००७ मधला. त्याच्या पलीकडे खरी जागा आहे: एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं. फ्रेंचांनी त्याला ग्रां बासें म्हटलं, लोकांनी आधी परी तलाव आणि मग गंगा तलाव. उत्तरेकडच्या त्रिओले गावातल्या एका पुजाऱ्याला या तळ्याचं स्वप्न पडलं आणि १८९८ च्या सुमारास काही माणसं तिथून पायी निघाली, असं सांगतात. १९७२ मध्ये या पाण्यात गंगाजल मिसळलं. आता महाशिवरात्रीला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, कावडी घेऊन, बेटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून इथे चालत येतात.

आई हात जोडून उभी राहिली, मी पाण्याकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं ते श्रद्धेचं नव्हतं. त्या पहिल्या मंडळींच्या बापजाद्यांना जिल्हा ओलांडायला पास लागत होता. त्यांची मुलंनातवंडं उत्तरेच्या टोकाकडून दक्षिणेच्या डोंगरात पायी आली, आणि ती कुणी पाठवलं म्हणून नव्हे, ऊस तोडायला तर नव्हेच. कुठून जायचं, कुठे मुक्काम करायचा, शिदोरीत काय न्यायचं, हे त्यांनी आपापसात ठरवलं असणार. या बेटावर मजुरांनी स्वतः आखलेली सहल बहुधा तीच पहिली. देव त्यात होताच. पण देवाइतकंच महत्त्वाचं म्हणजे देवाचं निमित्त सांगितलं की त्यांची वाट अडवणं अवघड होतं. वारीचा इतिहास असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिथून दक्षिणेला उतरताना आधी बुआ शेरीचे चहाचे मळे लागतात, आणि हळूहळू हवा उबदार होत ऊस सुरू होतो. ऊस उभा असतो तेव्हा रस्ता म्हणजे हिरवी बोळ असते; दोन्ही बाजूंना भिंती, वर पट्टीएवढं आकाश. प्रेक्षणीय असं काही दिसतच नाही. पण तोडणीचा हंगाम होता. काही वावरं अजून उभी होती, काही मोकळी झाली होती, आणि मोकळ्या वावरांत ते दिसले: काळ्या दगडांचे ढीग. कुठे पुरुषभर उंच, कुठे त्याहून कितीतरी मोठे, पायऱ्यापायऱ्यांनी रचत नेलेले. उसाच्या हिरव्या पसाऱ्यात मधेच काळी बेटं. पुढे यंत्रं आली तेव्हा पुष्कळ ढीग हलवले गेले, तरी अजून खूप उरले आहेत. ते कुठल्या यादीत नाहीत, त्यांच्यापाशी पाटी नाही, गाडी लावायला जागा नाही. नवऱ्याने गाडी कशीबशी कडेला घेतली.

आई उतरली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ढिगाकडे शिक्षिकेच्या नजरेने बघितलं. “हे सगळं हाताने वेचलेलं?” तिने विचारलं. मी सांगितलं, की ही जमीन ज्वालामुखीची, हातभर खणलं की दगड. ऊस लावायचा तर आधी दगड काढावे लागत. आधी गुलामांनी काढले, मग करारी मजुरांनी. ती जरा थांबली आणि म्हणाली, “एवढे धोंडे वेचले, तर गडगा तरी घालायचा. नुसते ढीग का करून ठेवले?”

कोकणातल्या माणसाला पडावा असाच प्रश्न. आमच्याकडे जमिनीतून निघालेला धोंडा वाया जात नाही. तो बांधावर जातो, त्याचा गडगा होतो, आणि गडगा झाला की इथपासून इथपर्यंत आमचं, हे गावाला कळतं. त्याच्यावरून भांडणं होतात, कोर्टात दावे चालतात, भाऊ भावाशी बोलेनासा होतो. पण गडगा घालायला आधी जमीन आपली असावी लागते. ज्याला फक्त ‘वावर मोकळं कर’ एवढंच सांगितलंय, त्याच्या हातून ढीग होतो. ढिगाला आत-बाहेर नसतं, हद्द नसते, मालकाचं नाव नसतं. तो नुसता दिवसांचा साठा असतो, दुसऱ्याने ठरवून दिलेल्या दिवसांचा. मी आईला हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, “जमीन त्यांची नव्हती ना.” तिने मान हलवली आणि म्हणाली, “मग बरोबर आहे.”

तिने एक दगड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. काळा, जड, बारीक छिद्रांचा. “हा आपल्याकडचाच आहे,” ती म्हणाली. मी हसले, पण भूशास्त्र तिच्या बाजूने आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताच्या भूमीखाली पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या खडकाचा एक झोत वर आला. त्याच्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार आणि सह्याद्री झाला. मग भारत उत्तरेला सरकत गेला, झोत आपल्या जागी राहिला, आणि वरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ठिपके उमटत गेले: लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया, मग छागोस, ८० लाख वर्षांच्या आसपास मॉरिशस, आणि शेवटी शेजारचं रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही धुमसतो. रायगडाचा कडा आणि या वावरातला धोंडा एकाच चुलीवर शिजलेले आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. शामारेलच्या सात रंगांचंही तेच: काळा दगड पावसात कुजत गेला, त्यातलं सिलिका धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. आपल्याकडे अशाच कुजण्यातून जांभा तयार झाला. आमच्या घराच्या भिंती त्याच्या आहेत. ते तिकीट मी बिनदिक्कत वाचवलं, याचं मला तिथे उभं राहून समाधानही वाटलं.

कोकणातून आलेला गडी जेव्हा पहिल्यांदा या वावरात वाकला असेल, तेव्हा त्याच्या हाताला ओळखीचा दगड लागला असणार. अनोळखी देश, अनोळखी भाषा, डोक्यावर उलट्या बाजूने फिरणारा सूर्य, आणि बोटांना तोच धोंडा. त्याने त्याला धीर आला असेल की आणखी वाईट वाटलं असेल, ते सांगता येणार नाही. पण घरी त्याने त्याचा गडगा घातला असता, एवढं नक्की.

आमच्या कागदावर या थांब्यासाठी दहा मिनिटं होती. आई बांधावर बसली ती बसलीच. तोडलेल्या उसाने भरलेले ट्रक जात होते. एक सायकलवाला थांबला, आमची गाडी बिघडली का म्हणून क्रिओलमध्ये विचारलं. हातवाऱ्यांनी ‘नाही, नुसते बसलोय’ असं सांगितल्यावर हसून गेला. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याने घड्याळ बघणं सोडलं. रॉचेस्टरचा धबधबा अशा रीतीने कागदावरून आपोआप गळाला.

सुयाकच्या अलीकडे रस्त्यालगत एका गाडीवर गरम दाल पुऱ्या मिळाल्या. हरभऱ्याच्या डाळीचं भरड सारण भरलेली पातळ पोळी, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि तिखट चटणी. दोन पोळ्यांची जोडी कागदात गुंडाळून देतात. आईचं मत: “पुरणात गूळ घालायचा राहिला, पण चांगली आहे.” बिहारकडून आलेली ही पोळी आज या बेटावर सगळ्या धर्मांचे, सगळ्या वंशांचे लोक उभ्याउभ्या खातात. मळ्यावरच्या शिध्यात डाळ होती. त्या डाळीचं काय करायचं हे मात्र मालकाने ठरवलेलं नव्हतं.

सुयाकजवळ ग्री-ग्रीला समुद्र एकदम वेगळा होतो. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाच्या बांधाने वेढलंय, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी उथळ आणि शांत असतं. ग्री-ग्रीला तो बांध तुटलाय. दक्षिणेकडून, अंटार्क्टिकापर्यंत मधे कुठलीही मोठी जमीन नसलेल्या पाण्यावरून लाटा येतात आणि थेट काळ्या कड्यावर आपटतात. दुपारचं ऊन पाठीवर होतं, पाणी गणितात म्हटल्याप्रमाणे स्वच्छ निळं-हिरवं दिसत होतं. पोस्टकार्डावरचं मॉरिशस प्रवाळाच्या आतलं आहे. हे बाहेरचं. जहाजातून आलेल्यांनी आधी हे पाहिलं.

पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने बे द्यू काप. माकोंदेपाशी रस्ता खडकाला बिलगून पाण्याच्या इतका जवळ वळतो की खिडकीतून हात काढला तर शिंतोडे लागतील. या उपसागराकाठी मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घालून तिचा किनारा आखणारा हा इंग्रज दर्यावर्दी १८०३ मध्ये घरी परतताना, गळक्या कंबरलंड गलबतातून इथे आसऱ्याला आला. इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई पेटली होती. त्याच्याकडे फ्रेंचांचाच पास होता, पण तो त्याच्या आधीच्या, इन्व्हेस्टिगेटर नावाच्या जहाजासाठी दिलेला. फ्रेंच गव्हर्नरने त्याला अडकवलं, ते १८१० पर्यंत. एक अख्खं खंड फिरून आलेल्या माणसाची साडेसहा वर्षं ६५ किलोमीटरच्या बेटावर गेली, कागदावर जहाजाचं नाव वेगळं होतं म्हणून. फ्लिंडर्सचं स्मारक झालं, त्याची वही-नकाशे जगाला माहीत झाले. तोच गुन्हा करणाऱ्या हजारोंची नावं पोलिसांच्या नोंदवह्यांत गेली. नवऱ्याने न सांगता खिसा चाचपून लायसन्स आहे का ते पाहिलं.

बे द्यू काप सोडलं की समोर ल मॉर्न येतो: ५५६ मीटरचा एकटा, उभा, सपाट माथ्याचा डोंगर, तिन्ही बाजूंनी समुद्र. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांत लपत. २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो देखणेपणासाठी नाही, या पळालेल्यांच्या आठवणीसाठी. लोक सांगतात, की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी द्यायला शिपायांची एक तुकडी डोंगरावर चढली. वरच्यांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. हे लिखित पुराव्याने सिद्ध करता येत नाही, पण बेटावरचं प्रत्येक मूल ही गोष्ट ऐकून वाढतं. आईने ती ऐकली आणि तिचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता: “वर पाणी कुठून आणत असतील?” माणसं पळून जाऊन स्वातंत्र्य मिळवतात हे तिने पुस्तकात शिकवलेलं होतं; पळून गेल्यावर रोजचा दिवस कसा चालवायचा, पाणी कुणी भरायचं, चूल कधी पेटवायची म्हणजे धूर दिसणार नाही, हे तिला जास्त खरं वाटलं. मलाही. त्या डोंगरावर घंटा नव्हती, पण तिथला प्रत्येक तास त्यांनाच ठरवावा लागत होता, जिवावर उदार होऊन.

मग रस्ता उत्तरेला वळला, सूर्य डाव्या हाताला समुद्रावर आला आणि आईच्या खिडकीतून गाडीभर पसरला. नियोजनातला एवढा एक भाग अगदी मिनिटाला मिनिट जमला. तामारेंच्या मिठागरांवर शेवटचं ऊन होतं. फ्लिक-आं-फ्लाकच्या अलीकडे कास्काव्हेलकडे जाणारा रस्ता फुटतो. त्या भागात मराठी घरं आहेत. मुंबईहून आलेल्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढ्या. घरात बोलतात क्रिओल, पण सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि त्या दिवशी मूर्ती वाजतगाजत पाण्यावर नेतात. खापरपणजोबांना जिल्हा ओलांडायला पास लागला असेल. त्यांच्या गणपतीसाठी आता सगळं बेट काम थांबवतं. सुट्टी म्हणजे तरी काय? आज तुमचा दिवस कुणी ठरवणार नाही, असं सरकारने लिहून देणं.

परत आल्यावर ओळखीचे लोक आमची आखणी मागतात. कोणती बाजू आधी, कुठे किती वेळ, जेवण कुठे. सात रंगांची माती बघितली नाही म्हटल्यावर काहींना आमची कीव येते, आणि ती त्यांनी खुशाल करावी. माझं त्या मातीशी भांडण नाही, ज्याला रंग बघायचेत त्याने जरूर शामारेलचा फाटा धरावा. आमचा कागद मात्र मी कुणाला देत नाही. दोनच गोष्टी सांगते, ज्या सूर्याने आणि वाऱ्याने ठरवलेल्या आहेत आणि ज्यांत कुणाची हुकूमत नाही: पठार सकाळी करा आणि समुद्र डाव्या हाताला ठेवा. मधले तास मोकळे सोडते. ते मी भरून दिले, तर तो दिवस तुमचा उरणार नाही; आणि त्या बेटावर दुसऱ्याने भरून दिलेले दिवस आधीच खूप झाले आहेत, वावरावावरांत रचून ठेवलेले.